पद्माकरांचा आवाज

पद्माकरांच्या उजव्या हाताचा कंप पहिल्यांदा दिसला तो चहाच्या कपात. मग सहीत. आणि शेवटी रेडिओच्या बटणावर. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी हसण्यावारी नेल्या. कप अर्धाच भरायचा असं ठरलं, आणि सह्या करायची वेळ निवृत्तीनंतर तशीही कमीच येत होती. तिसरी गोष्ट मात्र त्यांच्या जिव्हारी लागली.

पद्माकर हॅम होते. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून, स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलणाऱ्या हौशी मंडळींपैकी एक. पहिला परवाना त्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग करताना काढला, आणि सिडनीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी लागल्यावर इथला. ब्लॅकटाउनला घर बघायला गेले तेव्हा एजंट ओट्याची लांबी सांगत होता आणि हे मागच्या अंगणातल्या निलगिरीची उंची डोळ्यांनी मोजत होते, असं त्यांची बायको चित्रा आल्यागेल्याला सांगायची. त्या झाडापासून छपरापर्यंत ताणलेली तार हीच त्यांची अँटेना. मागच्या छोट्या खोलीत टेबलावर सेट. रोज दुपारी जेवणं झाली की एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर न्यू साउथ वेल्समधली दहाबारा मंडळी जमायची. या जमण्याला ते ‘नेट’ म्हणत. कुणाकडे पाऊस झाला, कुणाची अँटेना वाऱ्याने पडली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असल्या गप्पा. चित्राला त्या खरखरीत काय गोडी आहे हे कधीच कळलं नाही. पण नवरा त्या खोलीत गेला की दोन तास तिचे, हा हिशोब तिला मान्य होता.

सेटचं मोठं गोल बटण केसभर फिरवायचं असतं. पार्किन्सनचा हात त्याला लागला की स्टेशन निसटायचं. पुन्हा पकडायला जावं तर पलीकडे. शेवटी पद्माकर म्हणायचे, “चित्रा, जरा ये गं.” आणि चित्रा हातातलं काम टाकून जायची, बटण फिरवायची, माइकचं बटण दाबून धरायची, सोडायची. तिचे दोन तास गेले ते असे.

दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात कोविडमुळे सिडनी पुन्हा बंद झालं, आणि पश्चिमेकडच्या भागांवर जास्तच कडक नियम आले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाला घरी बोलवायचं नाही, फिरायला म्हणून बाहेर पडायचं ते तासभर. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. पद्माकरांना व्यायाम शिकवायला येणारा फिजिओ यायचा बंद झाला. पेंडल हिलच्या भारतीय दुकानात जाऊन चार ओळखीची माणसं भेटायची, तेही बंद. किराणा दारात येऊन पडायचा. आणि चित्राला तो तासही मिळेना, कारण पद्माकर चालता चालता मध्येच थिजायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, आणि कुणी हात धरून ‘एक, दोन’ म्हटलं तरच उचलायचे. दोनदा पडता पडता वाचले. अशा माणसाला टाकून ती जाणार कुठे?

त्यांचा एकुलता एक मुलगा यतिन क्वीन्सलंडमधल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर होता. म्हटलं तर एका दिवसाच्या ड्राइव्हवर. पण क्वीन्सलंडने सीमा बंद केली होती. तो रोज व्हिडिओ कॉल करायचा, आणि एक दिवस म्हणाला, “बाबा, तुमचा सेट मी तुमच्या आवाजावर चालवून देतो. हाताचं कामच नाही.”

“म्हणजे कसं?” पद्माकरांनी विचारलं. चित्राने ते मोठ्याने पुन्हा विचारलं, कारण अलीकडे फोनवर त्यांचं बोलणं पोचतच नसे. आजाराने हातापाठोपाठ आवाजही खाली बसवला होता. शब्द हळू यायचे आणि एकात एक घुसायचे.

“सेटला एक छोटा कॉम्प्युटर जोडायचा. तुम्ही ‘वर’ म्हणालात की फ्रिक्वेन्सी वर, ‘खाली’ म्हणालात की खाली. ‘बोल’ म्हटलं की ट्रान्समिट सुरू, ‘थांब’ म्हटलं की बंद. मराठीत ठेवू या. इंग्लिशवालं सॉफ्टवेअर तुमचा ॲक्सेंट ऐकून उगाच डोकं खाईल.” मग तो आईकडे वळला. “आई, हे झालं की तुला तिथे बसून राहावं लागणार नाही. आरामात वॉकला जा रोज.”

त्या एका वाक्यासाठी चित्राने पुढचे चार दिवस टेबलाखाली वाकून केबली जोडल्या. यतिन स्क्रीनवरून सांगायचा, “निळी नाही आई, काळी. हां, तीच. नो वरीज, पुन्हा कर.” मग आवाज शिकवण्याचं काम आलं. प्रत्येक शब्द बऱ्याच वेळा बोलायचा, म्हणजे मशीन ओळखायला शिकतं. पद्माकरांनी त्यासाठी सकाळची वेळ निवडली. गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांचं शरीर जरा मोकळं व्हायचं, आवाजही सुटायचा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माइकसमोर ताठ बसले आणि छाती भरून म्हणाले, “वर! खाली! बोल! थांब!” चित्रा दारात उभी राहून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिला तो जुना, रेल्वेच्या मीटिंगा गाजवणारा आवाज ऐकू आला.

“बाबा, दुपारचा पण घेऊ या,” यतिन म्हणाला. “नेटच्या वेळचा. थकलेला असतो ना तेव्हा तुमचा आवाज.”

“काही गरज नाही,” पद्माकर म्हणाले. “हाच माझा आवाज आहे.”

यतिनने वाद घातला नाही. सोय म्हणून आईचेही चार शब्द रेकॉर्ड करून घेतले, झालं.

मग जे व्हायचं तेच झालं. दुपारी नेट सुरू झालं, पद्माकर म्हणाले “वर”, आणि सेट ढिम्म. पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. मशीन सकाळच्या आवाजाची वाट बघत बसलं होतं, आणि दुपारी तो आवाज पद्माकरांच्या घशात उरलेलाच नसायचा. स्वयंपाकघरातून चित्रा चिडून म्हणाली, “अहो, वर म्हणा की जरा स्पष्ट!” आणि आकडे टकटक वर सरकले.

मशीनला तिचा आवाज छान कळत होता. भिंतीपलीकडूनही कळत होता.

सुरुवातीला दोघंही हसले. पद्माकर म्हणाले, “बघ, हेही तुझंच ऐकतं.” पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज तेच. त्यांनी दहा वेळा प्रयत्न करायचा, मग मान खाली घालून गप्प बसायचं, मग चित्राने पदर खोचल्यासारखं खुर्ची ओढून शेजारी बसायचं आणि म्हणायचं, “वर. वर. खाली. बोल.” ते माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायचे, आणि पलीकडच्या माणसांना ते कळायचं. कळायचं म्हणजे डबोकडचा केव्हिन, तो नेट चालवायचा, शांतपणे थांबून थांबून ऐकायचा. आयुष्यभर मेंढ्या पाळलेला माणूस, घाई त्याला ठाऊक नव्हती. मग चित्रा म्हणायची, “थांब.” पूर्वी तिचे हात बांधलेले होते, आता तोंडही बांधलं गेलं. त्या दोन तासांत फोनवर बहिणीशी बोलायची चोरी, कारण बोलण्यात ‘वर’ येतं, ‘खाली’ येतं, आणि मशीन बिचारं इमानदारीत पाळतं.

खरं म्हणजे यतिनने आधी एक हाकेचा शब्द ठेवला होता. ‘सेट’ असं म्हटल्याशिवाय मशीन पुढचं ऐकणारच नाही. पण पद्माकरांना एका श्वासात दोन शब्द निघेनात, म्हणून चित्रानेच तो काढून टाकायला लावला. मशीन सदा कान देऊन बसलेलं असायचं.

ऑगस्ट सरता सरता चित्राची झोप गेली. सकाळी बटणं लावायची, गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, घास कापून द्यायचे, थिजलेले पाय सोडवायचे, दुपारी मशीनशी बोलायचं. कौन्सिलच्या लायब्ररीतली तिची नोकरी तिने दोन वर्षांपूर्वी सोडली होती. तेव्हा मैत्रिणी यायच्या, सोबत कॉफीला जाणं व्हायचं. आता खिडकीतून समोरचा ड्राइव्हवे आणि शेजाऱ्यांची कचऱ्याची पेटी दिसायची. एके दुपारी मशीनला ‘वर’ म्हणता म्हणता तिचा आवाज एकदम फाटला. “वर, वर, वर! काय चाललंय माझं? मी माणूस आहे का रिमोट?”

सेटचे आकडे भराभर वर गेले. नेट कुठच्या कुठे राहिलं आणि स्पीकरमधून नुसती शीळ ऐकू येऊ लागली.

पद्माकरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा आजकाल हलतच नसे, त्यामुळे आत काय चाललंय हे कळायची सोय नव्हती. मग ते सावकाश म्हणाले, “जा तू. फिरून ये. मी नुसता ऐकत बसतो. उठणार नाही.”

“नक्की?”

“अगदी.”

चित्राने सेट पुन्हा नेटवर आणून ठेवला. पाण्याचा ग्लास स्ट्रॉ घालून हाताशी ठेवला, मोबाईल त्यांच्या शर्टाच्या खिशात घातला. मास्क लावला, बूट घातले. दारातून मागे वळून म्हणाली, “काही लागलं तर फोन करून मोठ्याने बोला, हं. मनात ठेवू नका.” आणि दार ओढून घेतलं.

मशीनला अहो-जाहो कळत नव्हतं. त्याने ‘बोला’तला ‘बोल’ तेवढा ऐकला.

बाहेर वसंताची चाहूल होती. वॉटलची झाडं पिवळीधमक झाली होती. रिझर्व्हच्या मोकळ्या मैदानापाशी एका झाडावर मॅगपायचं घरटं होतं आणि तो पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालत होता. चित्रा ओढ्याच्या कडेने लांब गेली. एका बाकावर बसली. बसायला परवानगी आहे की नाही हे तिला नीट माहीत नव्हतं, आणि त्या घटकेला फिकीरही नव्हती. कुणी तिला हाक मारत नव्हतं. तिने डोळे मिटले. ‘अजून पाच मिनिटं,’ असं तिने मनाशी म्हटलं, आणि ती पाच संपल्यावर पुन्हा तेच म्हटलं.

घरात काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही पद्माकरांकडून, काही केव्हिनकडून.

दार बंद झालं आणि पद्माकरांना सेटवरचा लाल दिवा दिसला. सेट ट्रान्समिट करत होता. म्हणजे खोलीतला प्रत्येक आवाज नेटवर जात होता, आणि दुसऱ्या कुणालाही तिथे धड बोलता येत नव्हतं. हॅम माणसाला याहून मोठी लाज नाही. चारचौघांच्या गप्पांत घुसून गळा पकडून बसावं तसं ते. पद्माकर म्हणाले, “थांब.” दिवा तसाच. “थांब. थांब.” जितका जीव एकवटला तितका आवाज आत ओढला गेला. यतिनने बाबांच्या बारीक आवाजासाठी माइक अगदी तिखट करून ठेवला होता, त्यामुळे तो कुजबुजता ‘थांब’ शेकडो किलोमीटरवरच्या डबोपर्यंत, वागा वागापर्यंत जात होता, पण हातभरावरच्या कॉम्प्युटरला तो शब्द वाटत नव्हता.

खिशातला फोन काढायला गेले तर तो कंप पावणाऱ्या बोटांतून निसटून टेबलामागे पडला. मग त्यांनी दिलेला शब्द मोडला. उठले. सेटचा स्विच मागच्या बाजूला होता, दीड पावलावर. पहिलं पाऊल पडलं, दुसरं जमिनीला चिकटलं, आणि कमरेवरचं शरीर तेवढं पुढे गेलं.

पडल्यावर डाव्या मांडीत जी कळ आली त्यावरून त्यांना समजलं की हे साधं नाही. लाल दिवा खालूनही दिसत होता. सगळ्यांना आपण ऐकू जातोय आणि आपल्याला कुणीच नाही, कारण सेट बोलत असेपर्यंत ऐकत नाही. “त्या वेळी मला इतकं कोंडल्यासारखं झालं,” ते पुढे चित्राला म्हणाले, “की मला वाटलं, आजार म्हणतात तो हाच. आत्तापर्यंत नुसती तयारी चालली होती.”

मग सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांनी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सांगितला. एकेक अक्षर सुटं करून. नंतर इंग्रजीत दोन शब्द, “फॉल. हेल्प.” पुन्हा कॉलसाइन. असं किती वेळ चाललं ते त्यांना आठवत नाही.

तिकडे नेटवर आधी वैताग झाला होता. कुणाचा तरी माइक अडकलाय, घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय, कुणी परक्या भाषेत पुटपुटतंय. कुणीतरी शिवीही हासडली. मग धप्प आवाज आला. केव्हिनने सगळ्यांना गप्प केलं. त्याने हेडफोन चढवले, खरखर कमी व्हावी म्हणून सेटचे फिल्टर आवळले, घरातला फ्रीज बंद केला, बायकोला किटली उतरवायला लावली, आणि कान लावून बसला. इतर मंडळीही आपापल्या घरात तशीच कान लावून बसली. एकाला पहिली दोन अक्षरं मिळाली, एकाला शेवटचं; ती त्यांनी केव्हिनला फोनवरून कळवली. केव्हिनला आवाज ओळखू आला. “पॅडी आहे हा,” तो म्हणाला. पद्माकर हे नाव त्याच्या जिभेला कधी वळलं नव्हतं. परवान्याच्या नोंदीत पत्ता असतो. तो काढून त्याने ट्रिपल झिरोला, म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवायच्या तातडीच्या नंबरला, फोन लावला.

चित्रा वळणावर आली तेव्हा घरासमोर ॲम्ब्युलन्स उभी होती. पांढरे गाऊन, गॉगल, दुहेरी मास्क घातलेली दोन माणसं दारात होती. समोरच्या घराचा पडदा हलला. रस्त्यापलीकडे कुणीतरी कुत्र्याला घेऊन झटकन उलट फिरलं. ती धावली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिच्या पायांत जास्त बळ होतं.

“खुबा मोडलाय बहुतेक,” पॅरामेडिक मुलगी म्हणाली. “लकी की डबोहून कुणीतरी कळवलं.”

“मी येते सोबत. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा असतात. त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही, मला कळतं.”

“सॉरी लव्ह. व्हिजिटर्स बंद आहेत. मी गोळ्यांचं लिहून घेते.”

चित्राने तिचा हात धरला, मग नियम आठवून सोडला. स्ट्रेचरवर पद्माकर डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते. ओठ हलले. हेलिकॉप्टर नेमकं तेव्हाच घरावरून गेलं आणि ते काय म्हणाले ते तिलाही ऐकू आलं नाही. दरवाजे लागले.

घरात आल्यावर ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खुर्ची आडवी, ग्लास फुटलेला, लाल दिवा चालूच. तिने म्हटलं, “थांब.” दिवा ताबडतोब विझला. तेव्हा कुठे ती खाली बसून रडली.

ऑपरेशन झालं. फोनवर फोन झाले. नर्सेस चांगल्या होत्या पण थोड्या होत्या, आणि प्रत्येक वेळी वेगळी. गोळी तासभर उशिरा मिळाली की पद्माकर लाकडासारखे व्हायचे आणि आवाज पार बुडायचा. चित्रा फोनवर तेच तेच सांगायची, वेळा, डोस, स्ट्रॉ, उशी. रिकाम्या घरात तिला आता हवा तेवढा वेळ होता. फिरायला जावं तर जाता येत होतं. ती गेली नाही. फोन वाजेल म्हणून खोलीबाहेरसुद्धा जात नव्हती.

यतिनने ते ‘बोल’चं ऐकलं. मग म्हणाला, “माझी चूक आहे आई. टायमर टाकायला हवा होता, आपोआप बंद होणारा. बेसिक गोष्ट आहे.”

“मी तासाच्या वर बाहेर होते,” चित्रा म्हणाली. “बाकावर बसून.”

“आई, प्लीज. तू नुसती बसली होतीस.”

तिसऱ्या दिवशी एका नर्सने फोन केला. “हे काहीतरी सारखं सांगतायत. आम्हाला समजत नाहीये. वेदना नाहीत म्हणतात. तुम्ही बघता का?” तिने फोन पद्माकरांच्या तोंडाशी धरला. आधी नुसता श्वास. चित्राने डोळे मिटून घेतले, दुसऱ्या कानात बोट घातलं.

“...सॉरी...” मग मोठी गॅप. “...नेटला... सॉरी सांग.”

खुबा मोडलाय, अंगात नळ्या आहेत, आणि या माणसाला लाज वाटतेय ती लोकांची फ्रिक्वेन्सी अडवल्याची. चित्राला हसूही आलं आणि चीडही आली. “सांगते,” ती म्हणाली. “आजच सांगते.”

परवाना तिच्याकडे नव्हता. परवानेवाला शेजारी बसलेला असल्याशिवाय तिने हवेत एक शब्दही बोलायचा नसतो, हे तिला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ होतं. तरी दुपारी ती त्या खुर्चीवर बसली. नेट चालू होतं. केव्हिन विचारत होता, पॅडीचं कुणाला काही कळलं का? कुणालाच कळलं नव्हतं. तिने एक श्वास घेतला आणि म्हणाली, “बोल.”

दिवा लागला. आणि तिला काही बोलताच येईना. आत्तापर्यंत त्या माइकसमोर ती नवऱ्यासाठी बटण होती. तिचं स्वतःचं असं वाक्य तिथे कधी गेलंच नव्हतं.

“हॅलो,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी चित्रा. पद्माकरची बायको. मला लायसन्स नाही, माफ करा. त्यांचं ऑपरेशन झालं. ते बरे आहेत. म्हणजे, बरे नाहीत, पण आहेत. तुम्हाला सॉरी सांगा म्हणाले, फ्रिक्वेन्सी अडवली म्हणून.” जरा थांबून तिने स्वतःहून पुढचं म्हटलं. “मी घरी नव्हते. तुम्ही होतात. थँक्यू.” आणि मराठीत, “थांब.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग केव्हिनचा जाडा, सावकाश आवाज आला. “चित्रा, लायसन्सचं आपण नंतर बघू. पॅडीला सांग, सॉरीबिरी काही नाही. इथल्या म्हाताऱ्यांनी कित्येक वर्षांत इतकं नीट कुणाचं ऐकलं नव्हतं. आणि तू कशी आहेस?”

हा प्रश्न तिला कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. यतिन विचारायचा, पण त्याला ती ‘मजेत’ असंच सांगायची. इथे अनोळखी माणसं होती, चेहरे नव्हते. “बोल,” ती म्हणाली, आणि सांगितलं. सगळं नाही. झोप येत नाही एवढं. काहीतरी नवीनच सांगावं तशी त्यांच्यातल्या एका बाईने तिला हळद घातलेल्या गरम दुधाची कृती सांगितली, आणि चित्राने हळदीचं दूध आपण जन्मभर पितोय हे न सांगता ती ऐकून घेतली.

पद्माकर घरी आले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. सिडनी उघडत होतं, क्वीन्सलंडची सीमा अजून बंदच होती. ते वॉकर घेऊन दाराशी आले, उंबऱ्यावर थिजले, चित्राने ‘एक, दोन’ म्हटलं, आणि आत आले. हॉस्पिटलने त्यांचं वजन नेलं होतं, आवाजही आणखी नेला होता. पहिले काही दिवस ते मागच्या खोलीकडे फिरकले नाहीत.

मग एके दुपारी, गोळीचा अंमल उतरत आलेला, मान कलती, अशा अवस्थेत ते म्हणाले, “यतिनला फोन लाव.”

यतिन स्क्रीनवर आला. पद्माकरांनी शब्द जुळवायला वेळ घेतला.

“आत्ताचा आवाज घे,” ते म्हणाले.

“काय बाबा?”

“आत्ताचा. हा जो आहे तो.”

यतिनने एकदा आईकडे बघितलं आणि मान हलवली. माइक सुरू झाला. त्यांनी प्रत्येक शब्द म्हटला, चिरका, ओला, अर्धा गिळलेला. “वर.” “खाली.” मध्येच खोकला यायचा, लाळ पुसावी लागायची. चित्रा रुमाल घेऊन बाजूला बसली होती. आठवडाभर रोज त्याच वेळी हे चाललं. यतिनने ‘बोल’ काढून टाकला, त्याऐवजी बोलण्यात चुकून येणार नाही असा काहीतरी शब्द हवा होता. पद्माकरांनी ‘दगडू’ सुचवलं. पुण्यातल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा आणणाऱ्याचं ते नाव होतं. यतिनने टायमरही टाकला.

मशीनला तो आवाज दहातल्या सहासात वेळा कळू लागला. उरलेल्या वेळी नाहीच कळला. पण नेटवाल्यांनी आपल्यात एक ठरवून टाकलं होतं, ते केव्हिनने चित्राला सांगितलं. ती बाहेर जाईल त्या तासात कुणी ना कुणी पॅडीबरोबर हवेत राहील. थोडा वेळ त्याचं उत्तर आलं नाही तर आधी तिला फोन, मग ट्रिपल झिरो. “आम्हाला तरी दुसरं काय काम आहे?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्राने पाणी ठेवलं, वॉकर लांब सरकवला आणि पद्माकरांचा पट्टा खुर्चीला अडकवला. हा पट्टा फिजिओने सुचवला होता आणि त्यांना तो मुळीच आवडत नव्हता. “कैदी केलंस,” ते पुटपुटले.

“तासाभरासाठी,” ती म्हणाली. “मग माझी पाळी.”

ती बाहेर पडली. फाटकाशी येऊन थांबली. मोकळी झाले खरी, पण जायचं कुठे, हे काही तिला सुचेना. बाकावर जाववेना. मग ती नुसती घराला वळसा घालून बाजूच्या गल्लीतून गेली. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. पद्माकरांचा आवाज कुंपणापर्यंत पोचत नव्हता, पोचणं शक्यच नव्हतं. ते बोलत होते तोवर स्पीकर बंद, आणि मग स्पीकरमधून केव्हिन आणि आणखी दोघंतिघं खदाखदा हसल्याचं ऐकू आलं. काय सांगितलं असेल यांनी त्यांना? चित्राने कान दिला, पण पुढचं काही कळलं नाही.

मास्क नाकावर नीट ओढून ती पुढे चालू लागली.